टॅक्सीतला हलता नकाशा: नव्या फर्स्ट ऑफिसरांसाठी

गोंदिया किंवा बारामतीला सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) केलेल्यांना टॅक्सी, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेणं, हा विषयच वाटत नाही. एकच रनवे, चुकायचं म्हटलं तरी कुठे चुकणार? मग टाइप रेटिंग (विशिष्ट प्रकारच्या विमानाचं प्रशिक्षण) होतं आणि समोर येते चार रनवेंची दिल्ली, नाहीतर मुंबई, जिथे ०९/२७ आणि १४/३२ एकमेकांना छेदतात. पावसाची रात्र, चालू वायपर, रेडिओवर एका दमात सांगितलेली टॅक्सीवेंची, म्हणजे विमानतळावरच्या विमानांच्या रस्त्यांची, माळ. अशा वेळी स्क्रीनवरच्या विमानतळाच्या नकाशावर आपलं विमान हलताना दिसलं की हायसं वाटतं. वाटू द्या, चीज उपयोगीच आहे. २००६ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला कॉमएअरच्या ५१९१ या फ्लाइटने पहाटेच्या अंधारात रनवे २२ ऐवजी २६ धरला. सुमारे ७,००० फुटांऐवजी ३,५०० फूट मिळाले. ५० पैकी ४९ जण गेले. त्यानंतर एनटीएसबीने (अमेरिकेची अपघात तपास संस्था) अशा नकाशाची किंवा चुकीच्या रनवेवर आपोआप सावध करणाऱ्या यंत्रणेची शिफारस केली.

आता सापळा, ज्याने सिम्युलेटरमध्ये माझा घाम काढला. नासाच्या एम्स केंद्रात डेव्हिड फॉइल आणि बेकी हूई यांनी टॅक्सीतल्या चुकांचे तीन प्रकार मांडले. क्लिअरन्स (कंट्रोलरने मंजूर केलेला मार्ग) बरोबर कळलं, पण चौकात भलताच रस्ता निवडला. रस्ताही बरोबर निवडला, पण वळताना गडबड झाली. या दोन्हींवर हलता नकाशा उत्तम औषध आहे. तिसरा प्रकार म्हणजे डोक्यातला मार्गच मुळात चुकीचा, आणि तो आपण अगदी नीट पार पाडतो.

इथे नकाशा तुम्हाला वाचवत नाही, उलट धीर देतो. कंट्रोलरने ब्राव्हो टॅक्सीवे सांगितलेला असतो, तुम्ही अल्फा धरून बसलेले असता, कारण गेल्या वेळी अल्फाच मिळाला होता. स्क्रीनवर विमान अल्फाच्या पिवळ्या रेषेवर बरोब्बर मधोमध. मेंदू म्हणतो, सगळं ठीक. आपण कुठे आहोत हे स्क्रीनला कळतं. कुठे जायला सांगितलंय, हे कळत नाही. नासाच्या टी-नासा प्रयोगात मंजूर मार्गच नकाशावर आणि हेड-अप डिस्प्लेवर (डोळ्यांसमोरच्या पारदर्शक काचेवर) काढून दाखवला होता. ती सोय तुमच्या विमानात असेलच असं नाही. म्हणून क्लिअरन्स लिहून घ्या, रीडबॅक द्या (कंट्रोलरला ते परत म्हणून दाखवा), मग चार्टवर बोट फिरवत कॅप्टनला मार्ग मोठ्याने सांगा. ‘होल्ड शॉर्ट’ (रनवेच्या अलीकडे थांबा) कुठे आहे तिथे बोट थांबलंच पाहिजे. नोटॅमही (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) आधी वाचा: नकाशाचा डेटाबेस २८ दिवसांनी बदलतो, आज सकाळी बंद केलेला टॅक्सीवे नकाशावर खुशाल उघडा दिसेल.

व्हॉट्सॲपवर फिरणारे ‘या एअरपोर्टला हाच रूट मिळतो’ छाप स्क्रीनशॉट मला अजिबात आवडत नाहीत. अपेक्षा पक्की करण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे. आणि ‘नकाशा आहे की, कशाला लिहितोस’ म्हणणारा सीनियर कितीही प्रेमळ असला तरी त्याच्याकडून ही एक गोष्ट शिकू नका. माझे एक इन्स्ट्रक्टर भर टॅक्सीत स्क्रीनवर कागद धरून विचारायचे, ‘आता कुठे आहेस?’ तेव्हा राग यायचा.

उपकरण इशारा देत असूनही तो बाजूला सारला जातो, हे तैपेईला दिसलं. ३१ ऑक्टोबर २००० ची वादळी रात्र, सिंगापूर एअरलाइन्स ००६. टेक-ऑफ होता ०५एल वरून, विमान लागलं कामासाठी अंशतः बंद असलेल्या ०५आर वर. योग्य रनवेशी रेषेत आल्यावरच सुरू होणारा पॅरा-व्हिज्युअल डिस्प्ले सुरू झाला नाही. पण समोर रनवे दिसत होता, म्हणून ते सोडून दिलं गेलं. ८३ माणसं गेली.

घाबरू नका. बऱ्याच कंपन्यांत टॅक्सी कॅप्टनच करतो. रेडिओ आणि चार्ट तुमच्याकडे, म्हणजे चूक पहिल्यांदा पकडायची संधीही तुम्हालाच. मात्र रनवे ओलांडताना मान वर आणि डोळे बाहेर. गोंधळ झालाच तर ‘प्रोग्रेसिव्ह टॅक्सी’ मागा. कंट्रोलर एकेक वळण सांगतो, आणि जुने कॅप्टनही मागतात. शंका आली की थांबा. फक्त रनवेवर असाल तर थांबू नका: लगेच टॉवरला सांगा आणि तो मोकळा करा.