हलका लिनक्स डेस्कटॉप उभारताय? या चुका टाळा

अमळनेरला फॉर्म भरून देणारं आणि झेरॉक्सचं एक छोटं दुकान आहे. मालकांना सगळे आप्पा म्हणतात. दोन वर्षांपूर्वी त्यांचा जुना पीसी माझ्याकडे आला. कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क. मी त्यावर डेबियन हे लिनक्स टाकलं, वर नुसतं ओपनबॉक्स, खाली टिंट२ ची पट्टी. लॉगिन केल्यावर रॅम दोनशे एमबीच्या आतच. एवढा खूश झालो की आप्पांना तो आकडा तीन वेळा दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला फोन. "भाऊ, हाई काय शे? पेनड्राइव्ह लावला तर काहीच दिसत नाही. आवाज कमी-जास्त होत नाही. अन् प्रिंटर?"

मोठा डेस्कटॉप जड असतो, कारण तो न सांगता पंधरा-वीस बारीक कामं करत असतो. आपण तो काढतो तेव्हा ती कामं कुठे जात नाहीत, ती आपल्या गळ्यात पडतात. हलक्या डेस्कटॉपच्या बहुतेक तक्रारी इथूनच येतात.

काय काढलं ते माहीत नसणं

ओपनबॉक्स हा फक्त विंडो मॅनेजर आहे. खिडक्या हलवणं, मोठ्या-लहान करणं, एवढंच त्याचं काम. पेनड्राइव्ह फाईल मॅनेजरमध्ये दिसायला यूडिस्क्स आणि जीव्हीएफएस ही मागे चालणारी पॅकेजेस लागतात. विंडोजचं पार्टिशन उघडताना पासवर्ड विचारणारी खिडकी यायला पोलकिटचा (परवानग्या सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) एजंट चालू असावा लागतो. तो नसेल तर "परवानगी नाही" एवढंच दिसतं आणि पासवर्ड टाकायला जागाच नसते. कीबोर्डवरच्या आवाजाच्या बटणांचं ऐकणारा कोणी नसेल, तर ती दाबून काही होत नाही. नेटवर्कचं चिन्ह, बॅटरी संपत आल्याचा इशारा, स्क्रीन लॉक, नोटिफिकेशन, सगळ्यांची तीच गत.

यात मी आणखी एक शहाणपणा केला होता. पॅकेज टाकताना "शिफारस केलेली पॅकेजेस नकोत" हा पर्याय लावला. जागा वाचली खरी, पण प्रिंटरची सेटिंग दाखवणारी खिडकी आणि निम्मे ड्रायव्हर त्या शिफारशीतच होते. डेबियनमध्ये शिफारस म्हणजे जाहिरात नव्हे. बहुतेकांना जे लागतंच, ते तिथे ठेवलेलं असतं.

म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याला मी आता नुसतं ओपनबॉक्स सुचवत नाही. एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई हा तयार हलका डेस्कटॉप घ्या. तीन-चारशे एमबी जास्त जातील, पण त्यांनी ही कामं आधीच वाटून घेतलेली असतात. एक्सएफसीई १९९६ पासून चालत आलंय, तर एलएक्सक्यूटी हे एलएक्सडीई या जुन्या डेस्कटॉपची क्यूटीवर (प्रोग्रामच्या खिडक्या-बटणं बनवायच्या साधनावर) बांधलेली आवृत्ती आणि रेझर-क्यूटी एकत्र येऊन झालेलं. मशिन खरंच अगदी गरीब असेल, किंवा शिकायची हौस असेल, तरच एकेक वीट स्वतः रचा.

याच्या उलट चूकही सर्रास दिसते. एकाच मशिनवर तीन-तीन डेस्कटॉप टाकून बघायचे. मग नेटवर्कची दोन चिन्हं, दोन स्क्रीन लॉक, दोन पॉवर मॅनेजर एकमेकांच्या पायात येतात. वैतागून त्यातला एक काढायला जावं, तर त्याच्यासोबत नेटवर्क मॅनेजरही निघून जातो आणि तो परत टाकायला इंटरनेट नसतं. पॅकेज काढताना काय काय जाणार याची यादी समोर येते. एंटर दाबायच्या आधी ती वाचा.

सुरुवातीच्या फाईलमधलं एक चिन्ह

लॉगिन झाल्यावर खिडक्या उघडतात, पण त्यांना वरची पट्टीच नाही. हलत नाहीत, बंद करायला फुलीही नाही. हे दिसलं की सरळ एक्सइनिटआरसी, म्हणजे डेस्कटॉप सुरू होताना काय काय चालवायचं त्याची फाईल, उघडा. त्यात टिंट२ ची ओळ असेल आणि तिच्या शेवटी & हे चिन्ह नसेल. ते नसलं की फाईल त्याच ओळीवर थांबते आणि टिंट२ बंद होण्याची वाट बघते, म्हणून ओपनबॉक्सची ओळ कधी येतच नाही. मागे चालत राहायच्या प्रत्येक प्रोग्रामला & द्या. शेवटची ओळ तेवढी 'एक्झेक' ने सुरू करा आणि तिला & देऊ नका. 'एक्झेक' च्या खाली काही लिहिलं असेल तर ते चालत नाही. मी एकदा वॉलपेपरची ओळ तिथे लिहून अर्धा तास चित्र का येत नाही म्हणून शोधत बसलो होतो.

आणि त्या ओळीत 'ओपनबॉक्स-सेशन' असं पूर्ण लिहा. नुसतं 'ओपनबॉक्स' लिहिलं तर ते सुरू होतं, पण ऑटोस्टार्ट (आपोआप सुरू करायच्या प्रोग्रामांच्या) फाईलकडे बघत नाही.

रॅम भरली म्हणून घाबरणं

'फ्री' कमांड चालवली की 'फ्री' याच नावाच्या रकान्यात जेमतेम ऐंशी एमबी दिसतात आणि लोक घाबरतात. रिकामी रॅम लिनक्स डिस्कवरच्या फाईली हाताशी ठेवायला वापरतो, गरज पडली की सोडतो. बघायचा रकाना 'अव्हेलेबल'.

खरी रॅम खातो ब्राउझर. सरकारी पोर्टल, मेल आणि व्हॉट्सॲप वेब असे तीन टॅब उघडले की डेस्कटॉपमध्ये काटकसरीने वाचवलेले तीनशे एमबी कुठच्या कुठे जातात. अशा वेळी "स्वॅपने मशिन मंद होतं" असं कुठूनतरी ऐकून स्वॅपच (रॅम अपुरी पडली की डेटा ठेवायची डिस्कवरची जागा) बंद करणारे भेटतात. मग रॅम संपली की मशिन जागच्या जागी गोठतं, किंवा कर्नल ब्राउझरच मारून टाकतो, अर्धा भरलेल्या फॉर्मसकट. २ जीबीच्या मशिनवर झेडरॅम लावा. ते रॅमच्याच एका भागात डेटा दाबून ठेवतं, त्यामुळे फिरत्या डिस्ककडे धाव कमी होते. आप्पांच्या मशिनला सगळ्यात जास्त फरक यानेच पडला. बोलबाला मात्र ओपनबॉक्सचा झाला.

रॅम कमी म्हणून ३२ बिट टाकायचीही गरज नाही. कोअर टू ड्युओ ६४ बिट चालवतो. डेबियन १३ ने, म्हणजे ऑगस्ट २०२५ पासून, ३२ बिट पीसीसाठीचा इन्स्टॉलरच बंद केलाय. ती अडचण फक्त खऱ्या ३२ बिटवाल्यांना, जुन्या ॲटमच्या नेटबुकांना वगैरे.

मराठी

मराठीच्या जागी चौकोन दिसले तर फॉन्ट नाही. लोहित किंवा नोटो देवनागरी टाका. एक्सटर्ममध्ये जोडाक्षरं तुटली तर फॉन्ट बदलत बसू नका, त्या टर्मिनललाच देवनागरीची जुळणी येत नाही. आणि जुन्या फाईलीत मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला, तर ती फाईल युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात टाइप केलेली आहे. लिनक्सचा त्यात दोष नाही, ती रूपांतरच करावी लागेल.

टायपिंगची तक्रार वेगळी. "फायरफॉक्समध्ये मराठी येतं, नोटपॅडमध्ये येत नाही." आयबस (मराठी टायपिंग करून देणारा प्रोग्राम) चालू असतो, पण क्यूटीवर बनलेल्या प्रोग्रामना त्याचा पत्ता दिलेला नसतो. एलएक्सक्यूटीमध्ये बहुतेक साधनं क्यूटीचीच, म्हणून तिथे हे हमखास. डेबियनमध्ये 'आयएम-कॉन्फिग' चालवून आयबस निवडा आणि बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा. पुन्हा लॉगिन न करता "झालं नाही" म्हणणारे निम्मे.

पासवर्ड बरोबर, तरी परत लॉगिनलाच

स्क्रीन एकदा काळी होते आणि पुन्हा पासवर्ड विचारते. यावर लोक सगळं नव्याने टाकतात. मीही दोनदा टाकलंय, म्हणून सांगतो, आधी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा आणि काळ्या पडद्यावर लॉगिन करा. 'डीएफ' ने डिस्क भरलीय का बघा. आप्पांकडे गिऱ्हाइकांच्या आधार कार्डांचे वर्षभराचे स्कॅन डाउनलोडमध्ये साठले होते (ते तसे ठेवूच नयेत, तो वेगळा विषय). डिस्क मोकळी असेल तर होम फोल्डरमधली एक्सऑथॉरिटी फाईल कोणाच्या नावावर आहे बघा. कधीतरी 'सुडो' लावून 'स्टार्टएक्स' (डेस्कटॉप सुरू करायची कमांड) चालवलं असेल तर ती रूटच्या, म्हणजे मशिनच्या मुख्य खात्याच्या, नावावर गेलेली असते. तिची मालकी परत स्वतःकडे घ्या, लॉगिन होतं.

डेस्कटॉपचा दोष नसलेल्या तक्रारी

लाईट जाऊन आली की सगळ्या साइट "सुरक्षित नाही" म्हणू लागतात. कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा बटण सेल संपला की मशिन जुन्या तारखेत जाऊन बसतं आणि ब्राउझरला साइटचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही असं वाटतं. अपडेटही त्याच कारणाने अडतं. एरवी टाइमसिंकडी नेट मिळताच वेळ दुरुस्त करतं, पण किमान इन्स्टॉलेशनमध्ये तेच राहून गेलेलं असू शकतं. सीआर२०३२ सेल बदला आणि ते पॅकेजही टाका.

मे महिन्यात आप्पांचा पुन्हा फोन आला. सकाळी मशिन पळतं, दुपारी दोननंतर रांगतं. "हलकं करूनही काय व्हयनं?" पंचेचाळीस अंशांच्या दुपारी मी 'सेन्सर्स' चालवून बघितलं. प्रोसेसर नव्वदीच्या पुढे होता आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करत होता. कॅबिनेट उघडलं. दुकान जिनिंगच्या रस्त्यावर. पंखा आणि हीटसिंक यांच्या मध्ये कापसाच्या तंतूंची करड्या रंगाची गादी बसली होती, बोटाने उचलली तर अख्खी एका तुकड्यात निघाली. पंखा बोटाने धरून ठेवून ब्लोअर मारला, वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. डेस्कटॉपला हात लावला नाही. आप्पांनी ती गादी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि विचारलं, "यानी वात व्हई का?"