काल्पनिक चॅम्पियनशिपमध्ये इंडोनेशियन ड्रायव्हर आणि टीम कशी बसवायची

स्वतःची काल्पनिक रेसिंग सीरिज चालवणारे (एक्सेलवर, सिम्युलेटरवर नाहीतर सरळ वहीत) ग्रिड भरताना एखादा इंडोनेशियन ड्रायव्हर टाकतातच, आणि बहुतेक वेळा तो पुठ्ठ्याचा वाटतो. कारण सल्ला एकच फिरतोय, जावानीज वाटणारं नाव घ्या, गाडी लाल-पांढरी रंगवा, झालं. नाही होत राव असं.

नावाचं आधी उरकू. आडनाव ही भानगड तिकडे सगळ्यांना नसते. जावामध्ये नाव तीन शब्दांचं असलं तरी शेवटचा शब्द घराण्याचा असेलच असं नाही. डिमास एकी प्रतामा आणि वेदा एगा प्रतामा, दोघंही मोटरसायकल रेसर, पण भाऊ-बिऊ नाहीत. त्यामुळे 'प्रतामा घराण्याची तिसरी पिढी' वगैरे लिहू नका. बाप-लेक-नातू असं रेसिंग घराणंच हवं असेल तर सुमात्रातल्या बाटाक समाजाचा ड्रायव्हर घ्या, सिरेगार, नासुत्योन, सिमांजुंताक ही कुळाची नावं बापाकडून मुलांकडे जातात. बालीचा असेल तर वायन, मादे, न्योमान, केतुत हे जन्माच्या क्रमाने येतं, थोरल्याला केतुत करून ठेवू नका. आणि आपल्या मराठी लोकांची खास खोड म्हणजे आदित्य, विस्नू, बिमा दिसलं की पोरगा हिंदू धरायचा. जावात मुसलमान घरांतही ही नावं सर्रास असतात, तेव्हा त्याचा धर्म नावावरून ठरवू नका, आणि तो रोजे ठेवणारा असेल तर तुमच्या कॅलेंडरात रमजान कुठल्या रेसला येतोय ते बघून ठेवा.

आता खरं काम, पैसा. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, माझाही गेला, आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात. ड्रायव्हरला स्पीड किती, पावसात किती हे आकडे नंतर टाका, आधी लिहा की बिल कोण भरतंय आणि कुठल्या रेसपर्यंत.

रिओ हरयांतोचंच बघा. जावातल्या सोलो शहरातला मुलगा, २०१५ ला जीपी टू मध्ये (फॉर्म्युला वनच्या खालची पायरी) काम्पोस टीमकडून तीन रेस जिंकून सीझनमध्ये चौथा आला, २०१६ ला मॅनोर टीममध्ये ८८ नंबर घेऊन फॉर्म्युला वनमध्ये जाणारा पहिला इंडोनेशियन. बारा रेस झाल्या आणि सीट एस्तेबान ओकॉनला गेली. गाडी चालवता येत नव्हती म्हणून नाही हो! टीमला दीड कोटी युरो हवे होते, सरकारी तेल कंपनी पेर्तामिनाने पन्नास लाखांचं बघितलं, उरलेले वेळेत उभे राहिले नाहीत. मग तुमच्या काल्पनिक ड्रायव्हरला तीन वर्षांचं पक्कं कॉन्ट्रॅक्ट कशाच्या जोरावर देताय? सीझन सुरू व्हायच्या आधीच हप्ता कधी तुटतो ते ठरवून ठेवा, बदली ड्रायव्हरसकट.

दुसरा नमुना शॉन गेलाएलचा. वडील स्वतः रॅली चालवायचे आणि इंडोनेशियातला केएफसीचा धंदा घरचाच, त्यामुळे कार्लिन टीमच्या गाड्यांवर चक्क 'जागोन्या आयाम' हे केएफसीचं घोषवाक्य टीमचं नाव म्हणून आलं. असा ड्रायव्हर टिकतो, त्याला शिकायला वेळ मिळतो. हा फॉर्म्युला टू मधून लांब पल्ल्याच्या रेसिंगकडे वळला आणि ल माँच्या २४ तासांच्या रेसमध्ये आपल्या क्लासमध्ये (तिथे गाड्यांच्या प्रकारांनुसार वेगळे गट असतात) दोनदा दुसरा आला, २०२१ ला एलएमपी टू, २०२४ ला जीटी थ्री. तिसरा रस्ता मोटरसायकलवाल्यांचा, होंडाच्या शिडीने आशिया टॅलेंट कप आणि मग होंडा टीम आशिया, मारियो आजी त्याच वाटेने गेला. एका ड्रायव्हरला यातला एकच रस्ता द्या. सरकारी कंपनीचा पैसा पण घरच्या पैशासारखा निवांत, असली खिचडी केली की गोष्ट पडते.

नव्वदचं दशक लिहिणाऱ्यांची तर चंगळ आहे. जकार्ताजवळचा सेंतुलचा ट्रॅक १९९३ चा, १९९६ आणि १९९७ ला तिथे मोटरसायकलची ५०० सीसी ग्रां प्री झाली, त्याच दोन वर्षी सुमात्रात वर्ल्ड रॅलीसुद्धा झाली आणि दोन्ही कार्लोस साइन्झने जिंकल्या. त्यावर कडी म्हणजे १९९४ पासून लॅम्बोर्गिनी कंपनीच इंडोनेशियन मालकांच्या मेगाटेककडे होती, आणि लॅम्बोर्गिनीचं व्ही ट्वेल्व्ह इंजिन १९९३ पर्यंत फॉर्म्युला वनमध्ये धावत होतं. म्हणजे १९९५ ची इंडोनेशियन लॅम्बोर्गिनी टीम अगदी हवेतली नाही, कोणीतरी लिहाच. फक्त १९९७ च्या जुलैनंतर काय होतं ते विसरू नका. डॉलर साधारण २,४०० रुपियाचा होता, १९९८ मध्ये १५,००० च्या पुढे गेला. दहा लाख डॉलरचं इंजिनचं बिल २४० कोटी रुपियावरून १,५०० कोटींवर, आणि स्पॉन्सर पैसे देतोय रुपियात. अशी टीम १९९८ चा सीझन पूर्ण करत नाही, तुम्ही किती का लाडकी केली असेना. वाचवायचीच असेल तर मालक डॉलरमध्ये कमावणारा दाखवा, पाम तेल किंवा कोळसा बाहेर विकणारा.

टीमचा कारखाना जकार्तात नको, इंग्लंडमध्ये ठेवा, लायसन्स आणि पैसा इंडोनेशियाचा, मेकॅनिक इंग्लंडमधले. सगळ्यांना सारख्याच गाड्या असलेली देशांची सीरिज असेल तर गोष्ट वेगळी, ए वन जीपीत २००५ पासून इंडोनेशियाची टीम होतीच.

घरची रेस जुन्या काळात सेंतुल, २०२१ नंतर लोम्बोकचं मांडालिका, इलेक्ट्रिक असेल तर जकार्तात अंचोल. पावसाची शक्यता भरपूर ठेवा, २०२२ ला मांडालिकाची मोटोजीपी पावसाने तासाभराहून जास्त लांबली. ट्रॅकवर मंत्र म्हणत फिरणारी पाऊस थांबवणारी बाई तुम्ही कल्पनेने लिहिली असती तर लोक हसले असते, तिथे ती खरंच फिरली.

राहिला झेंडा. वर लाल, खाली पांढरा, मोनॅकोचाही तोच, फक्त त्यांचा थोडा आखूड, आणि पॉइंट्स टेबलातल्या बारीक चित्रात तो फरक दिसत नाही. तेव्हा मोनॅकोचा ड्रायव्हर ग्रिडवर असेल तर झेंड्याशेजारी देशाचा कोडही लावा. चुकून उलटा टाकलात तर पोलंड होतो.