आयर्लंडच्या गुरांच्या बाजारात सौदा फिसकटतो कुठे? या चुका टाळा

आधीच सांगतो, गावातल्या रस्त्यावर गुरं उभी करून भरणारा बाजार तिकडे जवळपास संपलाय, 1950 च्या दशकापासून मार्ट आले म्हणजे रिंगण, वजनकाटा आणि लिलाव. पण गॉलवेमधल्या बॅलिनस्लोची ऑक्टोबरची जत्रा किंवा केरीमधल्या किलॉर्गलिनची 10 ते 12 ऑगस्टची पक फेअर, इथे घोड्यांचा सौदा अजून तोंडीच होतो आणि रीत तीच जुनी.

पहिली चूक म्हणजे मालकाने सांगितलेला आकडा लगेच मान्य करणं. तुम्ही सरळपणे हो म्हणालात तरी तो मनातल्या मनात जळतो की च्यायला कमी सांगितला. त्यामुळे घासाघीस करायचीच, पायात खोट काढायची, दात बघून नाक मुरडायचं आणि चक्क चालू पडायचं, कोणीतरी दंडाला धरून परत आणतंच. हे काम टँगलरचं, म्हणजे मधला माणूस, तो दोघांचे हात ओढून जुळवायला बघतो आणि फरक अर्धा अर्धा करा म्हणून मागे लागतो. आपल्याकडे उपरण्याखाली बोटं दाबून गुपचूप भाव ठरायचा, इथे उलट, भोवती गर्दी आणि प्रत्येकाला मत. टँगलरवर चिडू नका, फक्त तो नक्की कोणाचा माणूस आहे ते बघून ठेवा.

टाळीचा घोळ सगळ्यात जास्त होतो. हातावर थुंकून टाळी दिली की विषय संपला, मग घरी विचारून सांगतो वगैरे चालत नाही, पण गंमत अशी की नुसती बोली लावतानाही हातावर हात आपटतात, म्हणून मालक तोंडाने हो म्हणतोय का तिकडे कान ठेवा. आणि दोघांचं चालू असताना तिसऱ्याने मध्ये भाव बोलणं म्हणजे भांडणाला आमंत्रण, ते वेगळे होईपर्यंत थांबायचं.

पैसे दिल्यावर विकणारा त्यातले थोडे परत देतो, हा लक मनी. ठरलेला रेट नसतो, त्यामुळे टाळीआधीच बोलून घ्या, नंतर मागितलं की तोंडं वाकडी होतात.

जुन्या लोकांसमोर जनावराचं कौतुक केलंत तर लगेच देवाचं नाव घ्या, दृष्ट त्यांच्याकडेही लागते.

आणि टाळी पडली म्हणून कागद माफ होत नाहीत, घोड्याचा पासपोर्ट आणि मायक्रोचिप जुळतेय का बघा, पासपोर्ट नंतर पोस्टाने पाठवतो म्हणाला तर पैसे खिशातच राहू द्या.