ट्रॅक्टर ऑइल खात असेल, तर आधी ब्रीदर तपासा
ट्रॅक्टरचे इंजिन ऑइल वारंवार कमी होऊ लागले, की पिस्टनच्या रिंगा गेल्या असे समजून थेट इंजिन उघडण्याची घाई केली जाते. त्या मोठ्या खर्चाआधी ब्रीदर, म्हणजे इंजिनच्या आतला वायू बाहेर सोडणारी जाळी व नळी, अवश्य पाहावा. ज्वलनातील थोडा वायू पिस्टनच्या कडेने खाली उतरतो आणि ब्रीदरच्या नळीवाटे बाहेर पडतो. आपल्या विदर्भात सोयाबीनच्या मळणीतील कुटाराची धूळ किंवा उन्हाळी नांगरणीचा फुफाटा यांनी ही वाट बुजली, की आतला दाब वाढतो आणि ऑइल सील, गॅस्केट किंवा डिपस्टिकच्या तोंडातून ऑइल झिरपू लागते. इंजिन थंड असताना ब्रीदरची नळी व जाळी काढून डिझेलने धुवावी, पूर्ण वाळवावी आणि परत बसवताना नळी कुठे मुडपलेली नाही याची खात्री करावी. नळीतून ऑइल ठिबकते म्हणून तिला चिंधीचा बोळा लावणे अत्यंत घातक आहे. डिपस्टिकवरच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलेले ऑइलही ब्रीदरवाटे फेकले जाते, म्हणून पातळी सपाट जागेवरच मोजावी. मात्र ब्रीदर स्वच्छ असूनही त्यातून सतत दाट धूर येत असेल, तर दोष बहुधा रिंगा किंवा लायनरमध्ये (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्यात) असतो. अशा वेळी जाणकार मिस्त्रीकडून इंजिन तपासून घ्यावे.