समोरचे दात घडवताना मी आधी ओठ पाहते

समोरच्या दातांसाठी कोणी खुर्चीत बसलं की मी लगेच ‘आ’ करायला सांगत नाही. आधी गप्पा मारते. बोलताना, हसू दाबताना, खळखळून हसताना ओठ कुठवर सरकतो ते मला पाहायचं असतं. ओठ सैल सोडल्यावर वरचे मधले दात किती डोकावतात ते मोजा. तरुण स्त्रियांमध्ये साधारण ३ ते ३.५ मिलिमीटर, पुरुषांमध्ये २ च्या आसपास. वयाबरोबर वरचा ओठ उतरतो आणि हे माप घटतं. दाताची खालची कड इथे ठरते. बाकी मापं तिथून वर घ्यायची.

कड बरोबर आहे का, हे बोलण्यातून कळतं. मी वीस ते अठ्ठावीस मोजायला लावते. एकवीस, बावीस, तेवीस... प्रत्येक आकड्यात ‘व’ आणि ‘स’ येतात. ‘व’ला वरची कड खालच्या ओठाच्या आतल्या काठाला हलकी टेकावी. ‘स’ला खालचे दात वरच्यांच्या अगदी जवळ यावेत, पण आपटू नयेत.

मधल्या दाताची रुंदी उंचीच्या ७५ ते ८० टक्के ठेवा. उंची १०.५ मिलिमीटर असेल तर रुंदी साधारण ८ ते ८.४. शेजारच्या दातासाठी पुस्तकांत १.६१८ चं सुवर्ण गुणोत्तर सांगतात, म्हणजे समोरून पाहता मधला दात शेजारच्याच्या १.६१८ पट रुंद दिसावा. खऱ्या दातांत ते क्वचितच सापडतं. सुरुवातीच्या वर्षांत मी ते तंतोतंत पाळून एका बाईंचे दात केले होते. त्यांची बहीण म्हणाली, “सुंदर आहेत गं, पण हिचे नाहीत वाटत.” मग त्यांचा कॉलेजातला फोटो मागवला. त्यात डावीकडचा दुसरा दात किंचित वळलेला होता, आणि दोन्ही बाजूंचे दात मी केले होते त्यापेक्षा रुंद. तेव्हापासून जुना फोटो पाहिल्याशिवाय मी आराखडा करत नाही.

मधले दोन दात जवळजवळ जुळे हवेत. मोकळीक घ्यायची ती त्यांच्या शेजाऱ्यांत: एखादा जरा वळलेला, एखाद्याची कड अर्ध्या मिलिमीटरने वर. मधली रेघ थोडी सरकलेली असली तर सहसा कुणाला कळत नाही, पण तिरकी झाली की लगेच खटकते.

आणि कडांमधल्या खाचा बुजवू नका! मधल्या दोघांमध्ये ती अगदी लहान असते आणि सुळ्याकडे जाताना मोठी होत जाते. कृत्रिम दात पांढऱ्या पट्टीसारखे दिसतात ते बहुधा इथेच चुकल्यामुळे. दाताच्या पुढच्या अंगावर दोन उभ्या धारा असतात, त्यांच्यावर प्रकाश वळतो. दात रुंद करावाच लागला तर या धारा जरा जवळ आणा; तो अरुंद भासतो.

रंग मात्र अगदी सुरुवातीला, दात ओले असतानाच घ्या. तोंड उघडं राहून दात सुकले की पांढरट दिसतात आणि शेड फसते. शेड गाईड, म्हणजे रंगांच्या नमुना-दातांची पट्टी, काही सेकंदच पाहा, मग नजर करड्या कागदावर विसावू द्या. हिरडीजवळ दात पिवळसर, कडेला पारदर्शक, निळसर झाक असलेला. सुळा सगळ्यांत गडद. सहाही दात एकाच शेडचे मागणाऱ्यांना मी हे आरशात दाखवते.

मग मेणात आकार, त्यावरून सिलिकॉनचा साचा, आणि साच्यातून न घासलेल्या दातांवर तात्पुरता मॉक-अप, म्हणजे नव्या दातांचा नमुना. शक्य असेल तर काही दिवस तो घालून घरी वावरू द्या, खाऊ-बोलू द्या. पसंती मिळाली की त्याच मॉक-अपवरून खोलीच्या खुणा करून घासते. व्हिनिअरला, म्हणजे दातावर चिकटवायच्या पातळ कवचाला, बऱ्याचदा ०.३ ते ०.७ मिलिमीटर जागा पुरते. मूळ दातावरून मापं घेतली तर जिथे काहीच घासायला नको तिथलं इनॅमलही, म्हणजे दाताचं वरचं टणक आवरणही, जातं, आणि ते पुन्हा येत नाही.