परदेशात नवीन आलात? आधी पाकीट वाचा, मग फोडा

दुकानात पाकिटावरच्या चित्रावर विसंबू नका. पदार्थ ताटात कसा दिसेल ते चित्र दाखवतं, आत काय आहे ते मागची घटकांची यादी सांगते. बहुतेक देशांत ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणून पहिली तीन नावं वाचली तरी निम्मं काम होतं. भाषा कळत नसेल तर भाषांतराच्या ॲपमधून फोनचा कॅमेरा धरा. शाकाहारी मंडळींनी यादीत रंग, मिश्रकं वगैरेंसाठी छापलेले युरोपातले काही क्रमांक पाठच करावेत: ई १२० हा किड्यांपासून काढलेला लाल रंग, ई ९०४ म्हणजे लाख, तीही किड्यांचीच, आणि ई ४७१ हे तेल-पाणी एकजीव ठेवणारं मिश्रक वनस्पतीजन्य असू शकतं, प्राण्यांच्या चरबीचंही. आपल्यातले जाणते "चालतं हो, सगळे खातात" म्हणतील. त्यांचं ऐकू नका, स्वतः वाचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. झाकण, सील, डबा, कशालाही सुरी लावू नका. नव्या माणसाचा हात कापतो तो इथेच. पहिल्याच खरेदीत एक कात्री आणि एक ओपनर घ्या.

बरणीचं झाकण हटत नसेल तर दोष तुमच्या मनगटाचा नाही. आतल्या निर्वातामुळे बाहेरची हवा ते दाबून धरते. चमच्याचं टोक झाकणाच्या कडेखाली घालून हलकेच उचका, गरज पडली तर दोन-तीन ठिकाणी. 'टक्' आवाज आला की झाकण सहज फिरतं. हाच आवाज दुकानात, नुसतं झाकण दाबल्यावर आला, तर ती बरणी परत ठेवा.

रिंगवाल्या डब्यात घाई नडते. आधी रिंग उभी करा, पत्रा टोचला जाईपर्यंत. मग सावकाश मागे ओढा आणि शेवटचा सेंटिमीटर अगदी हळू. तिथे हिसका दिला की रस अंगावर उडतो, आणि निघालेल्या पत्र्याची कड पात्यासारखी असते. रिंग तुटली तर ओपनर. काही डब्यांचा तळ गोल वळवलेला असतो, त्याला ओपनर बसत नाही. वरच्या कडेलाच लावा. फुगलेला डबा मात्र उघडूच नका, चाखून बघणं तर दूरच.

दुधाचं भरलेलं खोकं ओतताना भोक खाली नको, वरच्या बाजूला येईल असं धरा. हवा आत शिरते, दूध गचके न खाता सरळ पडतं.

झिपची पिशवी झिपच्या वरून कापा.

आत सापडणारी छोटी पुडी मसाल्याची समजून भाजीत रिकामी करू नका. तीत बरेचदा ऑक्सिजन शोषणारी लोखंडाची भुकटी असते. पाकीट मायक्रोवेव्हमध्ये ठेवण्याआधी ती काढून टाका.