जंगलातले लाजरे पक्षी टिपताय? या चुका टाळा

दर आठवड्याला कुणीतरी फोटो पाठवतं आणि विचारतं, "शार्प का नाही आला, लेन्स बदलू का?" लेन्सला काहीही झालेलं नसतं. फोटोत पक्ष्याची पाठ असते, तीही उडून जातानाची, आणि शटर स्पीड असतो १/१२५ सेकंद, म्हणजे हलत्या पक्ष्यासाठी फारच मंद.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पक्ष्याच्या मागे मागे जाणं. हे मी स्वतः केलंय म्हणून इतकं पोटतिडकीने सांगतोय. एका कस्तूरामागे अख्खी सकाळ फिरलो होतो, मी दहा पावलं पुढे गेलो की तो झुडपाखालून वीस पावलं पुढे, परत मी, परत तो, आणि घरी येऊन बघतो तर दोनशेच्या वर फ्रेम्स आणि एकातही डोळा नाही. दुसऱ्या दिवशी त्याच भागात एक डबकं हेरलं, सात-आठ मीटरवर एका बुंध्याला पाठ टेकून बसलो, कॅमेरा ट्रायपॉडवर आणि हात आधीच लेन्सवर ठेवलेले, म्हणजे ऐनवेळी हलवायला नको. बराच वेळ काहीच नाही. मग पाचोळ्यात खसफस सुरू झाली. कस्तूर चोचीने एकेक पान उचलून बाजूला भिरकावत, मध्येच थांबून मान तिरकी करून खाली बघत, चक्क माझ्याच दिशेने येत होता. एक गांडूळ ओढून काढलं, खाल्लं, मग पाण्यात उतरून मनसोक्त अंघोळ केली. मी जागचा हललो नव्हतो, एवढंच काय ते वेगळं केलं होतं.

तेव्हापासून माझी सवय अशी की जागेवर पोचलो की पहिला अर्धा तास कॅमेरा डोळ्याला लावायचाच नाही. नुसतं बसायचं, ऐकायचं, कोण कुठल्या फांदीवर परत परत येतंय ते बघायचं. नवीन मंडळींना हे जमत नाही, दहा मिनिटांत उठतात आणि म्हणतात इथे काही नाही. अहो, असतं सगळं, फक्त तुमच्या पायांचा आवाज ऐकून गप्प झालेलं असतं.

दुसरी चूक आयएसओची (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील, त्या आकड्याची) भीती. नॉइज (फोटोतले दाणे) येईल म्हणून ४०० वर अडकवून ठेवतात आणि मग दाट झाडीतल्या अंधुक उजेडात शटर स्पीड पार खाली जातो. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, पक्ष्याच्या मानेचा झटका नाही, आणि छोटा पक्षी बसल्या जागीसुद्धा सतत मान झटकत असतो. मी बसलेल्या पक्ष्याला १/५०० च्या खाली सहसा जात नाही, चुळबुळ्या असेल तर १/१०००, उडताना १/२००० च्या पुढे. अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडं, ऑटो आयएसओ, वरची मर्यादा ६४००, आणि रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढायचं. नॉइज नंतर सॉफ्टवेअरमध्ये बराच कमी करता येतो, हललेला डोळा मात्र परत येत नाही. आणि कमी आयएसओवर काळाकुट्ट फोटो काढून घरी उजळवला तर नॉइज उलट जास्तच दिसतो, करून बघा.

फोकस सिंगल पॉइंटवर (एकाच बिंदूवर) ठेवा, नाहीतर कॅमेरा पुढची काडीच धरतो. क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) ४०० एमएमची लेन्स, एफ ५.६ अॅपर्चर आणि पाच मीटर अंतर असेल तर शार्प पट्टा जेमतेम तीनेक सेंटीमीटरचा मिळतो, त्यात डोळा बसलाच पाहिजे. पक्ष्यामागे उघडं आकाश असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायची सेटिंग) +१ तरी करा.

आता मला सगळ्यात जास्त राग येणारी गोष्ट, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं. सोबतच्या एकाने सुतार पक्ष्याचा आवाज लावला होता. नर लगेच आला, कारण त्याला वाटलं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय. त्याच्या चोचीत अळ्या होत्या, ढोलीतून पिल्लांची किलबिल ऐकू येत होती, आणि हा खोडाभोवती गोल फिरत त्या नसलेल्या नराला शोधत राहिला. डोक्यावरची पिसं उभी, चोचीतला घास तसाच. मी तो आवाज बंद करायला लावला, तरी बराच वेळ तो ढोलीकडे गेला नाही. त्या दिवशीचा एकही फोटो मी ठेवला नाही. शॉर्टकट तुमचा असतो, उपाशी पिल्लं राहतात.

घरट्यासमोरच्या फांद्या 'स्वच्छ फ्रेम'साठी तोडू नका, त्या आडोशामुळेच ते घरटं शिकाऱ्यांना दिसत नसतं. घुबडावर रात्री फ्लॅश नको. पांढरे, भडक कपडे नकोत. कॅमेऱ्याचे बीप बंद करा.

आणि एसी गाडीतून उतरल्या उतरल्या दमट हवेत कॅमेरा बाहेर काढू नका, काचेवर वाफ धरते. बॅगेची चेन बंद ठेवून अर्धा तास जाऊ द्या, तोवर तुम्हीही शांत बसलेले असाल.